न शिकलेल्या बायकांचा बँड

भंडाऱ्याच्या बाजारांत किंवा तुमसर-पवनीच्या रस्त्यावर 'बँड' हा शब्द उच्चारला कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. लग्नाची वरात, लाल कोट घातलेलीं माणसें, पितळेचीं लखलखीत वाद्यें, आणि सर्वांच्या पुढें कानठळ्या बसविणारा ढोल. त्या चित्रांत बायका नसतात असें नाहीं. पण त्या मागें, नवरदेवाच्या गाडीजवळ, पदर सांवरीत चालत असतात. वाजविणारे झाडून सारे पुरुष. तेंच आषाढांत एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर उभें राहून पाहावें, तर चित्र नेमकें उलटें होतें. धानाची रोवणी चालू असते. चिखलपाण्यांत वांकलेल्या दहावीस बायका पऱ्ह्यांच्या जुड्या सोडवून रोपें रोवीत मागें मागें सरकत असतात. त्यांतली एक गाण्याची ओळ उचलते आणि बाकीच्या ती झेलतात. कोणी पट्टी धरून दिलेली नसते, कोणी मात्रा मोजलेल्या नसतात; पाण्यांत बुडणाऱ्या आणि वर येणाऱ्या हातांची चाल हाच ताल. गाणें सर्वस्वीं बायकांचें, आणि वाद्य मात्र एकही नाहीं. कारण वाद्य धरावयास हात कोणाचाच मोकळा नसतो.

वाद्य पुरुषाच्या हातीं आणि गळा बाईचा, ही वांटणी इतकी जुनी आहे कीं ती वांटणी आहे हेंही कोणाच्या लक्षांत येत नाहीं. भाऊबीजेनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. जुन्या दंडारींत ढोलकीवर पुरुष, झांजेवर पुरुष, आणि लुगडें नेसून राणी झालेलाही पुरुषच. पुढें झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया आल्या, नांवारूपास आल्या, उजाडेपर्यंत प्रेक्षकांना खिळवून ठेवूं लागल्या. पण रंगमंचाच्या कडेला जेथें वाद्यें मांडलेलीं असतात तेथें अजून बहुधा पुरुषच बसतो. ह्याचें कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें. वाजवावयास शिकावें लागतें, आणि बायका शिकलेल्या नाहींत!

हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि संगीत ही घरंदाज मुलाबाळांनीं शिकण्याजोगी विद्या आहे ही गोष्ट हळूहळू लोकांच्या गळीं उतरविली. त्या एका उद्योगानें मध्यम वर्गांतील मुलींना गाण्याचें दार उघडलें; हे उपकार विसरण्याजोगे नाहींत. परंतु दार आलें कीं त्याबरोबर चौकटही येते. मुलगी गाणें शिकली तें पुष्कळ घरीं एका ठराविक दिवसासाठीं शिकली. पाहावयास आलेल्या मंडळींनीं 'मुलीला गातां येतें का?' असें विचारावें, तिनें पेटी पुढें ओढून एक पद म्हणावें, आणि लग्न उरकल्यावर ती पेटी माळ्यावर जावी, हा क्रम मागच्या पिढ्यांत किती घरीं घडला असेल ह्याची मोजदाद कोण करणार! शिकली ती दुसऱ्याला दाखविण्यासाठीं शिकली. आणि जी शिकली नाहीं तिनें वाद्याला हात लावावा असा प्रश्नच निघाला नाहीं.

ह्या पेचांतून बाहेर पडण्याची एक निराळीच वाट विलायतेंतील दोन चित्रकार मुलींनीं १९७७ सालीं काढली. वाद्य धड वाजवितां येण्याच्या आधींच त्यांनीं बँड काढला.

त्या काळचें लंडन डोळ्यांपुढें आणल्यावांचून ही हकीगत नीट समजणार नाहीं. तरुणांना कामधंदा मिळणें कठीण झालें होतें. लोकप्रिय संगीत म्हणजे महागडीं वाद्यें, प्रचंड ध्वनियंत्रें आणि दहा दहा मिनिटें चालणारी बोटांची कसरत असा प्रकार होऊन बसला होता. सामान्य पोरानें तें दुरून पाहावें, त्यांत शिरण्याची उमेद धरूं नये. ह्याचा वीट येऊन 'पंक' नांवाची जी चळवळ उसळली तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं ज्याला कांहीं बोलावयाचें आहे त्यानें व्याकरणाचें पुस्तक संपण्याची वाट पाहूं नये. १९७७ च्या आरंभीं 'साइडबर्न्स' नांवाच्या एका घरगुती पत्रकांत गिटारवरील तीन स्वरमेळांच्या आकृत्या छापल्या होत्या, आणि तेवढ्या शिकून झाल्या कीं खुशाल बँड काढावा असें वाचकांस सुचविलें होतें. व्याकरण शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तराला हें ऐकून घाम फुटावा! तरी मूल बोलावयास लागतें तें व्याकरण शिकून नव्हे, हेंही त्याच मास्तराला पक्कें ठाऊक असतें.

पण एवढ्या बंडखोर चळवळींतही वाद्य हातीं घेणारे बहुतेक मुलगेच होते. मुलींनीं फार तर गावें. ह्या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो 'द स्लिट्स' ह्या मुलींच्या बँडनें. त्यांतील गाणारी मुलगी तर अवघी चौदा-पंधरा वर्षांची होती. हॉर्न्सी येथील कलाविद्यालयांत शिकणाऱ्या जीना बर्च व आना द सिल्व्हा ह्या दोघी मैत्रिणींनीं त्या मुलींना मंचावर वाजवितांना पाहिलें, आणि आजवर जें आपल्यासाठीं नाहीं असें त्या धरून चालल्या होत्या तें मुळांत कोणी नाकारलेंच नव्हतें, असा त्यांना साक्षात्कार झाला. जीना नॉटिंगहॅमची, आना पोर्तुगालच्या मदीरा बेटावरची. दोघींनीं मिळून 'द रेनकोट्स' हा बँड काढला, म्हणजे मराठींत सांगावयाचें तर 'पावसाळी डगले'. आणि ९ नोव्हेंबर १९७७ रोजीं त्या लोकांपुढें उभ्याही राहिल्या. बास गिटार हातीं घेऊन जीनाला तेव्हां फारसे दिवस झाले नव्हते.

आरंभीं ह्या बँडमध्यें पुरुषही होते. १९७९ पर्यंत तो पुरता चौघी बायकांचा झाला. स्पेनमधून आलेली पलोमा रोमेरो ही 'स्लिट्स' सोडून ह्यांच्याकडे ढोल वाजवावयास आली. तिच्या नांवाचा उच्चार करतांना कोणीतरी अडखळलें आणि साबणाचें नांव घेऊन मोकळें झालें, तेव्हांपासून ती 'पामोलिव्ह' ह्याच नांवानें ओळखली गेली. चौथी विकी ॲस्पिनल. ही मात्र व्हायोलिन शास्त्रोक्त शिकलेली होती. एका पुस्तकांच्या दुकानांत लावलेली सूचना वाचून ती आली. म्हणजे तिघी न शिकलेल्या आणि एक शिकलेली अशी ही चौकडी. पुढें ज्या कोणी ह्या बँडची स्तुति करतांना 'ह्यांना कांहींच येत नव्हतें' असें कौतुकानें सांगितलें त्यांनीं ही चौथी बाई हिशेबांतून वगळली, आणि तसें करणें बरोबर नाहीं. शिकलेलीनें येथें काय केलें तेंच पाहण्यासारखें आहे. गोड, घोटीव स्वर काढण्याची संवय तिनें बाजूस ठेवली आणि व्हायोलिनचा गज असा ओढला कीं एकच स्वर खरखरीत, लांब, हेकटपणानें टिकून राहावा. शिकणें सोपें असेल. शिकलेलें हातांतून काढून ठेवणें त्याहून अवघड.

आतां प्रश्न असा कीं ज्यांना वाजवितां येत नाहीं त्यांच्या वाजविण्यांतून नवें असें काय निघालें? साध्या बँडची रचना घराच्या पायासारखी असते. ढोल आणि बास गिटार हीं दोन वाद्यें खालीं जमीन धरून राहतात. वर गिटार आणि गाणारा. ढोलाची गति ठरली कीं बाकीच्यांनीं निमूट त्याच्यामागून जावयाचें. रेनकोट्सच्या वादनांत ही शिस्त नव्हती, कारण ती त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. बास गिटारनें जमीन धरावयाची असते हें जीनाला माहीत नसल्यामुळें ती त्या जाड तारांवर जणूं दुसरें गाणेंच म्हणे. चित्र काढणारा हात कोऱ्या कागदावर जशी रेघ फिरवितो तशी ती सुरावट इकडून तिकडे भटके. पामोलिव्ह झांजांना फारशी शिवत नसे. जाड्या चामड्यावरच तिचे हात पडत. एकीचा वेग वाढला तर बाकीच्या तिला मागें ओढीत नसत, तिच्याबरोबर धांवत. एकजण रेंगाळली तर साऱ्या थांबत. रोवणीच्या गाण्यांत जें होतें तें हेंच. एखादी बाई मागें राहिली तर ओळ तिच्यासाठीं लांबते, पुढें गेली तर ओळ लगबगीनें तिला गांठते. गाणें कोणाला टाकून पुढें जात नाहीं. लंडनच्या मुलींना बांधी ठाऊक नव्हती, पण ताल घड्याळांत नसून शेजारणीच्या अंगांत असतो एवढें त्यांनीं आपलें आपण शोधून काढलें.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'रफ ट्रेड' ह्या संस्थेनें १९७९ सालीं काढली, आणि त्याच वर्षीं पहिला संपूर्ण संग्रहही आला. प्रेम, विरह आणि चांदणें सोडून ह्या बायका किराणा मालाच्या दुकानाबद्दल, रस्त्यानें एकटें जातांना वाटणाऱ्या धास्तीबद्दल गाऊं लागल्या. पामोलिव्ह लवकरच बँड सोडून गेली. मग ढोलावांचूनच त्यांनीं नवीं गाणीं रचलीं, आणि ढोल मागाहून इतरांकडून भरून घेतले; १९८१ च्या 'ओडिशेप' ह्या संग्रहांतील पुष्कळ गाणीं म्हणूनच पाण्यावर सोडलेल्या नावेसारखीं हलत राहतात. इंग्रजींत शरीराच्या आकाराला जो शब्द आहे त्याचें पहिलें अक्षर गाळून हें नांव केलें आहे. बाईनें कोणत्या आकाराचें असावें हें बाहेरच्यांनीं ठरविण्याचा जो जांच, त्यावरच त्यांतलें एक गाणें आहे.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्क शहरीं तिघीजणी ह्याहून पुढें गेल्या. बार्बरा एस, व्हर्जिनिया पियरसोल आणि गेल व्हॅशॉन ह्या तिघी चित्र, छायाचित्र आणि चित्रपट ह्या कलांच्या वर्तुळांत वावरणाऱ्या होत्या. १९७९ सालीं त्यांनीं 'वाय पँट्स' नांवाचा बँड काढला, आणि वाद्यें आणलीं तीं खेळण्यांच्या दुकानांत शोभतीलशीं. पोरांचा छोटा पियानो, चार तारांची इवलीशी युकुलेली, आणि ज्याच्या तोंडाला चामड्याऐवजीं कागद ताणलेला आहे असा मिकी माउसचा ढोल! ह्या खेळण्यांना ध्वनिवर्धक जोडून त्या गंभीर मुद्रेनें वाजवीत. लहानपणीं बाहुली आणि भातुकलीबरोबर मुलीच्या हातीं जें वाद्य दिलें जातें तें मोठेपणीं काढून घेतलें जातें. ह्यांनीं तेंच परत मागून घेतलें. १९८० सालीं त्यांची छोटी ध्वनिमुद्रिका आली, १९८२ सालीं मोठी, आणि त्याच वर्षीं बँड मोडला. तीन वर्षांचा संसार.

ह्या तिघींपैकीं बार्बरा एस हिची पुढील कीर्ति छायाचित्रकार म्हणून झाली. तिचा कॅमेरा कोणता? तर सूचिछिद्र कॅमेरा! शाळेंत शिकलेल्या प्रत्येकाला तो आठवत असेल. बुटांचें खोकें, आंतून काळा कागद, एका बाजूस टांचणीनें पाडलेलें भोंक. प्रकाश सरळ रेषेंत जातो हें सिद्ध करण्यासाठीं मास्तर तो वर्गांत करून दाखवीत, आणि तास संपला कीं खोकें कपाटावर धूळ खात पडे. त्याला भिंग नाहीं, म्हणून नेमकी स्पष्टता नाहीं; कडा अंधारतात, मध्य उजळतो, जवळचें आणि दूरचें सारखेंच धूसर. ज्या उणीवेमुळें तो कॅमेरा पाठ्यपुस्तकाबाहेर पडला नाहीं तीच उणीव ह्या बाईनें आपली भाषा केली, आणि बार्ड महाविद्यालयांत छायाचित्रणकला शिकविली. ती २०२१ सालीं वारली. भिंगावांचून काढलेलें चित्र आणि कागदी ढोलावर धरलेला ताल हीं एकाच हातचीं कामें आहेत हें तिची चित्रें पाहिल्यावर सांगावें लागत नाहीं. तिचे कान अशिक्षित असतील, पण डोळा पूर्ण तयार होता. आणि कोठें थांबावें, काय रिकामें सोडावें, हें ज्ञान एका कलेंतून दुसऱ्या कलेंत सीमाशुल्क न देतां नेतां येतें.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं १९८७ सालीं निघालेल्या 'ले रेन प्रोशेन' ह्या बायकांच्या मंडळाचीही गोष्ट ह्याच जातीची आहे. जिचीं हलतीं चित्रें आज जगभर कलादालनांत दाखविलीं जातात ती पिपिलोट्टी रिस्ट १९९४ पर्यंत तींत होती.

येथें एखादा गृहस्थ म्हणेल कीं हें सारें कौतुक पुरे. बेसूर तें बेसूर. तंबोरा जुळवितांना ज्याचा अर्धा तास जातो त्याला हा राग येणें साहजिक आहे, आणि तो राग थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. न शिकणें हा कांहीं गुण नव्हे. ह्याची साक्ष देणारी एक हकीगत अमेरिकेंतच घडली आहे, आणि ती ऐकल्यावांचून वरील गोष्टींचा अर्थ पुरता लागत नाहीं.

न्यू हॅम्पशायर प्रांतांत फ्रीमाँट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ऑस्टिन विगिन नांवाचा एक गृहस्थ राहत असे. त्याच्या आईनें त्याचा हात पाहून कांहीं भाकितें केलीं होतीं, त्यांतलें एक असें कीं त्याच्या मुलींचा बँड फार प्रसिद्ध होईल. आधींचीं भाकितें खरीं ठरलीं असें वाटल्यावरून त्यानें हेंही खरें करावयाचें मनावर घेतलें. डॉरोथी, बेटी आणि हेलन ह्या मुलींना त्यानें शाळेंतून काढलें, वाद्यें आणून दिलीं, आणि रोज तासन् तास सराव लावला. मुलींनीं बँड मागितला नव्हता. दर शनिवारीं गांवच्या सभागृहांत त्यांना वाजवावें लागे, आणि गांवचीं पोरें टवाळी करीत. १९६९ सालीं बापानें पैसे खर्चून त्यांची ध्वनिमुद्रिका काढविली. ती ऐकतांना ढोल एका वाटेनें आणि गिटार दुसऱ्या वाटेनें जातें, आणि तिसरीकडे मुलींचे कोंवळे, भेदरलेले आवाज एकमेकींना धरून चाललेले असतात. १९७५ सालीं बाप वारला. मुलींनीं वाद्यें खालीं ठेवलीं. १९८० सालीं ती ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हां मोठमोठे जाणते तिच्यावर लुब्ध झाले, आणि 'द शॅग्ज' हें नांव खरोखरच प्रसिद्ध झालें. आजीचें भाकित, म्हणावयाचें तर, खरें ठरलें.

कान मिटून निवाडा केला तर शॅग्ज आणि रेनकोट्स एकाच रांगेंत बसतील. दोन्हींत ताल सुटलेला, दोन्हींत सूर ओबडधोबड. कर्ट कोबेन नांवाच्या प्रख्यात अमेरिकन गायकाच्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या यादींत दोघींचींही नांवें सांपडतात. आणि तरी एकीकडे बापाच्या हट्टासाठीं कोंडलेल्या मुली आहेत, दुसरीकडे आपल्या पायांनीं चालत आलेल्या. पाहुण्यांपुढें पेटी ओढणारी आपल्याकडील मुलगी शिकलेली असूनही ह्या दोहोंपैकीं कोणाच्या जवळची होती, हें ज्याच्या त्याच्या घरानें आठवून पाहावें.

रेनकोट्स १९८४ सालीं विखुरल्या. आना एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत काम करूं लागली. १९९२ सालीं तो कोबेन आपल्या झिजलेल्या ध्वनिमुद्रिकेची नवी प्रत शोधीत लंडनला आला आणि विचारीत विचारीत थेट त्या दुकानांत जाऊन उभा राहिला. त्याच्या खटपटीनें १९९३ सालीं तिन्ही संग्रह पुन्हा निघाले, आणि त्या बायका पुन्हा वाजवूं लागल्या. जीना बर्चनें १९७७ सालीं, विद्यार्थिदशेंत, एक छोटी चित्रफीत केली होती. फीत संपेपर्यंत ती नुसती किंचाळत राहते, दुसरें कांहीं नाहीं. तीच फीत २०२३ सालीं लंडनच्या टेट ब्रिटन ह्या कलादालनांत स्त्रियांच्या बंडाविषयींच्या मोठ्या प्रदर्शनांत मांडली गेली. त्याच वर्षीं तिची एकटीची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. वय सदुसष्ट. नांवाचा अर्थ: 'मी माझी बास जोरांत वाजवितें'.

मात्र एक गोष्ट ह्या विलायती बायकांच्या बाजूनें होती ती विसरून चालणार नाहीं. त्या कलाविद्यालयांत बसलेल्या होत्या. न शिकणें हें त्यांनीं निवडलेलें होतें. उद्यां मन बदललें तर शिकावयास दारें उघडीं होतीं. जिला निवडावयासच मिळालें नाहीं अशा बाईच्या संगीताचा हिशेब निराळा मांडावा लागतो, आणि त्यासाठीं घरीं परतावें लागतें.

महाराष्ट्राच्या बायकांनीं शिक्षणावांचून जें केलें त्याचा सर्वांत मोठा सांठा जात्यावर आहे. हेमा राइरकर आणि गी पॉटवँ ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळणाऱ्या बाईला तंबोरा नव्हता. पण दगडावर दगड फिरतांना जी अखंड घरघर निघते तिच्यावरच ती सूर ठेवी. म्हणजे वाद्य होतेंच, फक्त त्याला वाद्य म्हणावयाचें कोणाला सुचलें नव्हतें. विजेची गिरणी आली आणि तें वाद्य गेलें. पाठीमागून गाणेंही मुकें होत गेलें. हातांची सुटका झाली ह्याचा आनंदच मानला पाहिजे, कारण पहाटे उठून पायली दळणें ही कांहीं कला नव्हे, हाडें झिजविणें आहे.

ह्या ओवीलाच शहरांत नवें काम मिळालें तें १९८३ सालीं. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेसाठीं ज्योती म्हापसेकर यांनीं 'मुलगी झाली हो' हें नाटक लिहिलें. त्या व्यवसायानें ग्रंथपाल. करणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्या. नाट्यशिक्षण घेतलेल्या नव्हेत कीं संगीतविशारद नव्हेत. लोकगीतांच्या परिचित चाली, थोडकें सामान, आणि एकमेकींना सांवरून घेणारे साधे गळे. ह्याचे हजारों प्रयोग महाराष्ट्रभर व बाहेर झाले. तयार गळ्याच्या नटीनें तीं गाणीं म्हटलीं असतीं तर तीं गोड लागलीं असतीं ह्यांत शंका नाहीं. पण पुढें बसलेल्या बाईला 'हें आपल्यालाही म्हणतां येईल' असें वाटलें असतें कीं नाहीं, ह्याची शंका आहे.

आणि वरातीच्या बँडचें काय? तेंही घडलें आहे, पण बिहारांत. पाटण्याजवळ दानापूर भागांत ढिबरा नांवाचें गांव आहे. तेथील महादलित समाजांतील शेतमजुरी करणाऱ्या दहा बायकांनीं, २००६ च्या पद्मश्री सुधा वर्गीस यांच्या प्रेरणेनें, ढोल गळ्यांत अडकविले. त्या पूर्वीं कधीं वाजविलेल्या नव्हत्या. त्यांना शिकवावयास मात्र माणूस मिळाला. घरच्यांनीं हंसावें, गांवानें बोट दाखवावें, हा नेहमींचा क्रम झाला. आणि २०१६ च्या सुमारास 'नारी गुंजन सरगम बँड' लग्नांची सुपारी घेऊं लागला. दिवसाच्या मजुरीहून वरातीचे पैसे अधिक येतात हें दिसल्यावर हंसणें थांबलें. कलेचें काय तें जाणते ठरवोत. घरांत चूल कोणाच्या ढोलावर पेटते हें घरच्यांना समजतें.

विदर्भांत बाईच्या हातीं वाद्य आलें तें ह्याहून शांतपणें आलें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि खंजिरी हातीं घेऊन खेडीं जागीं केलीं. १९५५ च्या ग्रामगीतेंत स्त्रियांच्या उन्नतीवर त्यांनीं स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. खंजिरी हें वाद्य मोठें सोईचें. लांकडाचें कडें, एका बाजूस ताणलेलें चामडें, कडेला झिळमिळणाऱ्या चकत्या. काखेंत मारून नेतां येतें, आणि शिकावयास गुरु लागतोच असें नाहीं. गांवोगांव महिलांचीं भजनी मंडळें निघालीं, त्यांच्या खंजिरी भजनांच्या स्पर्धा भरूं लागल्या. भंडाऱ्याकडील खेड्यांतही रात्रीं जेवणें आटोपून, भांडीं घांसून बायका जमतात. पहिले कांहीं दिवस खंजिरी मधोमध सतरंजीवर तशीच पडून असते. 'तूं घे, तूं घे' असें चालतें. मग दिवसभर रोवणीनें आंबलेल्या हातांपैकीं एक हात तिच्यावर पडतो, चुकतो, पुन्हा पडतो. महिन्याभरानें तीच खंजिरी तिघींना हवी असते, आणि मंडळाकडे असते एकच. तेव्हां उरलेल्या दोघींपैकीं एकजण घरून स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन येते.